प्राथमिकच्या मुलांना ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर कम्प्युटर शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

शाळाबाई

नमस्कार मंडळी,
मी प्राथमिक शाळेत शिकवते, पहिली ते पाचवी. शाळेत कम्प्युटरची एक खोली आहे पण मशिन्स जुनी आहेत, बहुतेकांत २ जीबी रॅम, काहींत ४. सगळ्यांवर विंडोज १० आहे आणि त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, विंडोज ११ या मशिन्सवर चढत नाही. नवीन मशिन्स लगेच मिळतील असं दिसत नाही. मग विचार केला की लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी मोकळा असतो अशा सॉफ्टवेअरवरच शिकवावं. मुख्याध्यापकांची हरकत नाही, फक्त म्हणाले की काय शिकवणार ते आधी नीट ठरवा आणि मला दाखवा.

आणि तिथेच मी अडकलेय. आत्तापर्यंत आमच्याकडे कम्प्युटरचा तास म्हणजे पुस्तकातून "इनपुट डिव्हाइसेस कोणती" याची घोकंपट्टी आणि मग पेंटमध्ये घर काढणं एवढंच होतं. मुलांना सीपीयूचा लाँगफॉर्म पाठ असतो पण फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही. हे मला बदलायचंय. कुठल्या इयत्तेला कुठलं सॉफ्टवेअर, तासाला काय करून घ्यायचं, एका मशिनवर तीन तीन मुलं बसतात त्यांचं काय करायचं, इंटरनेट कधी असतं कधी नसतं त्याचं काय, असे बरेच प्रश्न आहेत. आणि पालक विचारणारच की बाहेर सगळीकडे दुसरंच चालतं मग तुम्ही हे का शिकवताय. ज्यांनी खरंच मुलांबरोबर हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. मला स्वतःला लिनक्स जेमतेम येतं पण शिकायची तयारी आहे.

---

टर्मिनलवाला

मशिन्सचं आधी सांगतो कारण ते बसलं की बाकीचं सुचायला लागतं.

२ जीबीवर डेबियन किंवा लिनक्स मिंट (दोन्ही लिनक्सचेच प्रकार), पण एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. गनोम किंवा केडीईसारखा जड, पूर्ण डेस्कटॉप त्या मशिनवर ओढून चालवण्यात अर्थ नाही. मशिन ६४ बिट आहे का ते पहिलं तपासा. ३२ बिट असेल तर पर्याय कमी झालेत, डेबियन १३ पासून त्यांचा ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद झालाय, तेव्हा अशा मशिनसाठी अँटीएक्स हे हलकं लिनक्स बघा. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकता आली तर जुनं मशिन एकदम वेगळं वागायला लागतं, रॅम वाढवण्याइतकाच फरक त्याने पडतो असं माझं मत आहे.

एक मशिन पूर्ण तयार करा, त्यावर सगळं टाका, सेटिंग लावा आणि मग क्लोनझिला या टूलने त्याची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल काढून बाकीच्यांवर उतरवा. प्रत्येक मशिनवर वेगळं बसून इन्स्टॉल करायला गेलात तर दोन मशिन्स कधीच सारखी राहणार नाहीत आणि तासाला "बाई माझ्याकडे ते चित्र नाहीये" सुरू होईल. इथे लायसन्सचा मुद्दा येतो तो लोकांच्या लक्षात येत नाही. ही कॉपी हव्या तितक्या मशिन्सवर टाकायची परवानगी तुम्हाला लायसन्सनेच दिलेली असते, कुणाला विचारायचं नाही, की मोजायची नाही. उद्या एखाद्या मुलाच्या घरी जुना लॅपटॉप असेल तर तेच सगळं पेनड्राइव्हवर देता येतं.

इंटरनेटचं फार मनावर घेऊ नका. खाली लोक जी नावं सांगतील ती बहुतेक सगळी एकदा टाकली की ऑफलाइन चालतात. विकिपीडिया हवा असेल तर किविक्स या ऑफलाइन वाचायच्या अ‍ॅपवर उतरवून ठेवता येतो, मराठी विकिपीडियाची फाइल इंग्रजीच्या मानाने बरीच लहान आहे.

आणि शिक्षकाच्या मशिनवरून सगळ्यांचे स्क्रीन बघायचे किंवा एकदम लॉक करायचे असतील तर वेयॉन आहे (पूर्वीचं आयटाल्क). "सगळ्यांनी इकडे बघा" म्हणून ओरडण्यापेक्षा स्क्रीन लॉक केलेला बरा.

---

खडू_आणि_माऊस

मी हे वर्गात केलंय, अजून करते, त्यामुळे मोठं लिहिते, वाचायला वेळ लागेल.

ताई, तुम्ही सॉफ्टवेअरची नावं विचारताय ती सांगतेच, पण माझ्या मते निवडायची कसोटी एकच, तासाच्या शेवटी मुलाने स्वतः बनवलेलं काहीतरी त्याच्याकडे आहे का. चित्र असेल, चार ओळी असतील, हलणारं मांजर असेल, काहीही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मूल फक्त बटणं दाबून बरोबर-चूक ऐकतं ते थोडा वेळ ठीक, पूर्ण तास नाही.

पहिली दुसरीला टक्सपेंट, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. २००२ पासून आहे, बिल केंड्रिकने लहान मुलांसाठीच सुरू केलं आणि ते वापरताना कळतं. पूर्ण स्क्रीनवर उघडतं, मेनू नाहीत, प्रत्येक बटणाला आवाज आहे, आणि सेव्ह करताना नाव विचारत नाही. सहा वर्षांच्या मुलाला फाइलचं नाव टाइप करायला लावणं म्हणजे तासाची दहा मिनिटं गेलीच. इथे सेव्ह दाबलं की झालं, उघडताना चित्रांची छोटी छोटी रूपं दिसतात त्यातून आपलं ओळखायचं. मराठीतही करता येतं. टक्सपेंट कॉन्फिग नावाचं वेगळं टूल येतं त्यात प्रिंट बंद करा, नाहीतर सगळ्यांनी एकाच वेळी प्रिंट दाबलं की गोंधळ. बाहेर पडायचं बटणही बंद करता येतं.

पण नुसतं "काहीतरी काढा" असं सांगू नका. मी विषय देते आणि एक अट घालते. म्हणजे आज फक्त रेषा आणि गोल वापरून एक प्राणी काढायचा. किंवा आज शिक्के वापरायचे पण प्रत्येक शिक्का आधीच्यापेक्षा लहान. अट असली की मूल टूल शोधायला लागतं आणि शोधताना शिकतं. अनडू म्हणजे काय हे मी कधीच फळ्यावर शिकवत नाही, कुणीतरी एक पोर शोधतं आणि पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला माहीत झालेलं असतं.

जीकॉम्प्रिस हा शैक्षणिक खेळांचा संच पण हवाच. २००० साली ब्रुनो कुदुआँने सुरू केलं, आता केडीईचा प्रकल्प आहे, शंभराच्या वर छोट्या छोट्या अ‍ॅक्टिव्हिटीज आहेत, वय साधारण दोन ते दहा. ज्या मुलांनी माऊस कधी धरलेलाच नाही त्यांच्यासाठी त्यातल्या माऊसच्या अ‍ॅक्टिव्हिटीज फार छान आहेत, आधी नुसता फिरवायचा, मग क्लिक, मग डबल क्लिक, मग ओढायचं. डबल क्लिक ही लहान बोटांना अवघड गोष्ट आहे, मोठ्यांना ते आठवत नाही. फक्त एक करा, सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटीज मोकळ्या सोडू नका. काठिण्यपातळीचा फिल्टर आहे तो लावा आणि आज या दोनच असं सांगा. मोकळं सोडलं की मुलं एकातून दुसऱ्यात उड्या मारतात, कुठेच टिकत नाहीत. जुन्या ग्राफिक्सवर नीट उघडलं नाही तर सॉफ्टवेअर रेंडररवर (ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरकडून चित्र काढून घ्यायची सेटिंग) चालवून बघा.

तिसरीपासून टायपिंग आणि लिहिणं. टक्सटायपिंगमध्ये वरून अक्षरं घेऊन मासे पडतात आणि ते अक्षर दाबलं की पेंग्विन मासा खातो. मुलं स्वतःहून मागतात. पण महिनाभराने लिबरऑफिस रायटर (वर्डसारखंच लिहायचं सॉफ्टवेअर) उघडून खरंच काहीतरी लिहायला लावा, आजीला पत्र, सहलीचं वर्णन, वर्गाचं एक पानी वर्तमानपत्र. वर्तमानपत्र केलं की कॉलम, मथळा, चित्र घालणं, सेव्ह, परत उघडून दुरुस्ती हे सगळं आपोआप येतं कारण त्याची गरज पडते. "आज आपण बोल्ड शिकू" असा तास मी घेत नाही.

चौथी पाचवीला स्क्रॅच, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिकच्या गटाने केलेलं, २००७ मध्ये लोकांसाठी आलं. इथे एक अडचण आधीच सांगते, स्क्रॅच ३ जुन्या मशिनवर जड जातं आणि त्याचं अधिकृत ऑफलाइन अ‍ॅप लिनक्ससाठी नाही. टर्बोवार्प म्हणून त्याचंच ओपन सोर्स रूप आहे, ते लिनक्सवर ऑफलाइन चालतं आणि स्क्रॅचच्याच फाइल्स उघडतं. ४ जीबीवाल्या मशिन्सवर ते ठेवा. २ जीबीवाल्यांवर केटर्टल किंवा टर्टल ब्लॉक्स. यांत पडद्यावरच्या कासवाला सूचना देऊन चित्र काढतात. ही लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेची परंपरा आहे, १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी सुरू केलेली, आणि अजून तितकीच ताजी वाटते. कासवाला पुढे जा, ९० अंश वळ, असं चार वेळा केलं की चौकोन. मग मुलांना विचारायचं की त्रिकोणाला किती वळवायचं. सगळी मुलं ६० म्हणतात. कासव भलतीकडेच जातं. मग कुणीतरी उठून स्वतः जमिनीवर चालून बघतं आणि कळतं की कासव बाहेरच्या बाजूने वळतंय, १२० हवेत. कोनाचा हा धडा भूमितीच्या पुस्तकातून इतका नीट पोचत नाही. लिबरऑफिस रायटरमध्येही २०१३ च्या ४.० आवृत्तीपासून लिबरलोगो आहे, म्हणजे तिथेही कासव मिळतं, टूलबार दाखवायचा (डेबियनवर त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं).

एका मशिनवर तीन मुलं ही अडचण आहे पण मी तिचा उपयोग करते. एक माऊस-कीबोर्ड धरणार, दुसरा काय करायचं ते सांगणार, त्याने हात लावायचा नाही, तिसरा वहीत लिहिणार की काय केलं आणि काय झालं. दहा मिनिटांनी जागा बदल. घड्याळ लावा, तोंडी सांगून बदलत नाहीत. सांगणाऱ्याला नेमकं बोलावं लागतं, "ते तिकडे ते कर" चालत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तोच शिकतो.

---

पालक_म्हणून

मी शिक्षक नाही, माझी मुलगी तिसरीत आहे. शाळाबाई म्हणतात तो प्रश्न विचारणारा पालक मीच समजा.

माझा विरोध नाही पण शंका खरी आहे. माझ्या ऑफिसात सगळं मायक्रोसॉफ्टवर चालतं. मुलीने शाळेत पाच वर्षं दुसरंच वापरलं आणि पुढे तिला सगळं परत शिकावं लागलं तर? शिवाय फुकट आहे म्हणून घेतलं असं वाटायला नको, मुलांच्या बाबतीत स्वस्तातलं चालवून घेणं मला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर पहिली दुसरीच्या मुलांना स्क्रीनसमोर बसवायचंच कशाला, घरी काय कमी बघतात का?

---

खडू_आणि_माऊस

@पालक_म्हणून, शंका बरोबर आहे आणि पालकसभेत हीच येते.

तुमची मुलगी नोकरीला लागेल तेव्हा ऑफिसात काय असेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. ऑफिस २००७ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःच जुने मेनू काढून वर रिबन आणली, आणि ज्यांना "फाइल मेनूतलं तिसरं" असं पाठ होतं ते लोक अडले. ज्यांना माहीत होतं की आपल्याला समास बदलायचाय आणि तो पानाच्या सेटिंगमध्ये कुठेतरी असणार ते शोधून मोकळे झाले. मला मुलांना ती दुसरी सवय लावायचीय. उलट मी मुद्दाम दोन वेगळी सॉफ्टवेअर दाखवते, टक्सपेंटमधलं रंग भरायचं चिन्ह आणि लिबरऑफिस ड्रॉमधलं वेगळं दिसतं, काम तेच. हे एकदा कळलं की तिसरं कुठलंही उघडायला मूल घाबरत नाही. रायटरमधून वर्डची डॉक्स (.docx) फाइलही सेव्ह होते तेव्हा घरी उघडायचीही अडचण नाही.

स्वस्तातलं म्हणाल तर लिबरऑफिस, क्रिता (चित्रकलेचं), ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं) ही मोठी माणसं कामासाठी वापरतात. फुकट आहे हे कारण माझ्यासाठी दुसऱ्या नंबरचं. मुलाने शाळेत जे वापरलं तेच घरी नेता येतं, कुणाच्या घरी काय परवडतं यावर ते ठरत नाही, हे कारण पहिलं.

आणि मोठ्या प्रमाणावर हे झालेलं आहे. केरळमध्ये २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे सरकारी शाळांतलं शिक्षण ग्नू/लिनक्सवर नेलं, २०१७ मध्ये त्याचीच काइट ही संस्था झाली. प्राथमिकसाठी त्यांची कळिप्पेट्टी नावाची आयसीटीची (कम्प्युटर आणि माहिती तंत्रज्ञान विषयाची) पुस्तकं आहेत. त्यांच्याकडून घेण्यासारखं म्हणजे त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जोर दिला. नॉर्वेत शाळांसाठीचं स्कोलेलिनक्स, आताचं डेबियन एज्यु, तेही २००१ चंच.

---

पत्ते_पसरा

पहिली दुसरीच्या स्क्रीनबद्दल मी पालकांच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी कम्प्युटर शिकवणं थांबवायची गरज नाही.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या गटाचं सीएस अनप्लग्ड बघा, कम्प्युटरशिवाय कम्प्युटर शिकवायच्या अ‍ॅक्टिव्हिटीज आहेत, सगळं मोकळ्या लायसन्सवर, म्हणजे भाषांतर करून वाटता येतं. मला सगळ्यात आवडणारी बायनरीची (कम्प्युटरची फक्त ० आणि १ ची मोजणी). पुठ्ठ्याची पाच कार्डं करायची, त्यांवर १, २, ४, ८, १६ ठिपके. पाच मुलं ओळीत उभी करायची, समोर बसून बघणाऱ्या वर्गाला सगळ्यात उजवीकडे १ दिसेल असं. आता म्हणायचं ९ ठिपके दाखवा. मुलं आपसात ठरवतात, ८ आणि १ वाल्याने कार्ड दाखवायचं, बाकीच्यांनी उलटं धरायचं. मग ५, मग २१. मग विचारायचं सगळ्यात मोठा आकडा किती, ३१. मग शून्यापासून एकेक वाढवत मोजायला लावायचं आणि १ वालं पोर दर वेळी कार्ड उलटंपालटं करून दमतं तेव्हा सगळ्यांना हसत हसत दिसतं की एकाचं कार्ड प्रत्येक वेळी बदलतं, दोनचं त्याच्या निम्म्या वेळा, चारचं त्याच्याही निम्म्या. दुसरीच्या मुलांना बेरीज येत असली की पुरे. आपल्याकडे मशिन्स कमी आहेत, तेव्हा तासाला अर्धा वर्ग मशिनवर आणि अर्धा जमिनीवर असं करा, तिघांची गर्दीही कमी होते.

रोबो खेळपण करता येतो. एक मूल रोबो, डोळे बांधून, बाकीच्यांनी "दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ" असं सांगून त्याला दारापर्यंत न्यायचं. सूचना आधी कागदावर लिहायच्या, चालू झाल्यावर बदलायच्या नाहीत. भिंतीला जाऊन थडकला की परत कागदावर. पुढे केटर्टल उघडेल तेव्हा ही मुलं तयार असतात.

---

शाळाबाई

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. त्रिकोणाचं १२० वालं मी आजच फळ्यासमोर चालून बघितलं!

अजून दोन गोष्टी विचारते. मराठी टायपिंग कुठलं शिकवू? मोबाइलवर सगळे इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करतात, मुलांनाही तेच शिकवावं का? आणि दुसरं, टर्मिनलवाला, मुलं सेटिंग बिघडवतात, वॉलपेपर बदलतात, आयकॉन उडवतात. मिंटमध्ये गेस्ट सेशन असतं असं वाचलं, बाहेर पडलं की सगळं पुसून जातं, ते चालू करू का?

---

खडू_आणि_माऊस

इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) शिकवा, प्लीज. ज्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग धड येत नाही त्याला "कमळ" लिहायला आधी इंग्रजीत विचार करायला लावणं मला पटतच नाही. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, नुसतं दाबलं की क, शिफ्टबरोबर ख. ग-घ तसंच, त-थ, द-ध, प-फ तसंच. मुलांना वर्णमाला नुकतीच शिकवलेली असते, त्यांना ही जोडी लगेच दिसते, मोठ्यांपेक्षा लवकर. जोडाक्षराला मध्ये हलन्त द्यायचा, म्हणजे "पक्का" लिहिताना प, क, हलन्त, क, काना. हे करताना जोडाक्षर कसं बनतं तेही डोक्यात बसतं. आणि इंग्रजी कीबोर्डवर चिकटवायला मराठी अक्षरांचे छोटे स्टिकर मिळतात, नाही मिळाले तर कीबोर्डचं मोठं चित्र भिंतीवर लावा. लिनक्समध्ये लेआउट आधीपासून असतोच, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायचं. तिसरीला रोज पाच मिनिटं, जास्त नको.

---

टर्मिनलवाला

गेस्ट सेशन चालू करायच्या आधी थांबा. बाहेर पडलं की सगळं पुसतं म्हणजे मुलांची चित्रंसुद्धा पुसतं. वर खडूताई म्हणतायत की मुलाकडे त्याने बनवलेलं काहीतरी हवं, आणि पुढच्या तासाला येऊन पोराने टक्सपेंट उघडलं आणि आत काहीच नाही, असं नको व्हायला.

त्यापेक्षा प्रत्येक इयत्तेचं एक साधं अकाउंट करा, तिसरी, चौथी असं, अ‍ॅडमिनचे अधिकार न देता. सेटिंग बिघडली तरी त्या अकाउंटपुरती बिघडते, सिस्टीमला धक्का लागत नाही. एक स्वच्छ अकाउंट नमुना म्हणून बाजूला ठेवा आणि बिघडलं की त्याच्या सेटिंगच्या फाइल्स परत कॉपी करा, मी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून देतो, रोज मशिन चालू होताना आपोआप चालेल, आणि मुलांच्या कामाच्या फोल्डरला हात लावणार नाही. टक्सपेंटला चित्रं कुठे ठेवायची ते कॉन्फिगमध्ये सांगता येतं, तिथे प्रत्येक इयत्तेचं वेगळं फोल्डर द्या. खोलीत मशिन्स केबलने जोडलेली असतील तर हे फोल्डर शिक्षकाच्या मशिनवरच ठेवा, म्हणजे मूल कुठल्याही मशिनवर बसलं तरी चित्र सापडतं, आणि तुम्हाला बॅकअप एकाच ठिकाणाहून घेता येतो.

वॉलपेपर मात्र बदलू द्या ताई, टक्सपेंटमध्ये स्वतः काढलेलं चित्र वॉलपेपर म्हणून लावणं हा चौथीचा एक पूर्ण तास होतो, फाइल शोधणं, एक्सपोर्ट करणं, सेटिंग बदलणं सगळं त्यात येतं. मशिन्स ३२ की ६४ बिट ते बघून इथेच टाका, त्याप्रमाणे कुठली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवायची ते सांगतो.